काळे आधी की कावळे?

कालेलकर, काळे, कावळे, काशीकर, कासार. कॉम्प्युटरला ही पाच आडनावं अकारविल्हे लावायला सांगितली आणि वेगळी काही सूचना दिली नाही, तर तो ती याच क्रमानं लावतो. भिंतीवरच्या तक्त्यावरून वर्णमाला म्हणत मोठं झालेल्या माणसाला इथं काहीतरी खटकतं. आपण ‘य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ’ असं म्हणत आलो. ळ हा ह च्या पुढचा. त्या हिशेबानं काळे हे कावळे, काशीकर आणि कासार या सगळ्यांच्या मागे, अगदी शेवटी यायला हवेत. यंत्रानं त्यांना दुसऱ्या जागी नेऊन बसवलं.

यात यंत्राचा दोष नाही, त्याला फक्त अंक कळतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. षोडशमान पद्धतीनं लिहिलं तर ल चा क्रमांक ०९३२, ळ चा ०९३३ आणि व चा ०९३५. मधली ०९३४ ही जागा ऴ या अक्षराची, तमिळसारख्या भाषांतला उच्चार देवनागरीत लिहिण्यासाठी राखलेली. युनिकोडनं भारतीय लिप्यांची मांडणी १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतली. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट तंत्रज्ञान याच प्रणालीवर चालायचं. इस्कीचा हेतू मोठा होता. एका लिपीतला मजकूर दुसऱ्या लिपीत सहज नेता यावा, म्हणून देवनागरी, गुजराती, बंगाली, तेलुगू, तमिळ अशा सगळ्या लिप्यांतल्या सारख्या अक्षरांना सारखीच जागा द्यायची. त्या सामाईक मांडणीत ळ ला ल च्या शेजारची जागा मिळाली. क्ष ची कथा आणखी वेगळी. त्याला स्वतःचा क्रमांकच नाही. क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक मिळून तो बनतो. त्यामुळे यंत्राच्या यादीत क्षीरसागर हे कौलगुडांच्या मागे आणि खऱ्यांच्या पुढे उभे राहतात, हळदणकरांच्या आसपास कुठंही नाहीत.

मी महापेला, मिलेनियम बिझनेस पार्कमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. नव्यानं भरती झालेल्या मुलामुलींना जावा शिकवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग, आणि मला सगळ्यात आवडणाराही. एमआयडीसीचा हा ठाणे-बेलापूर पट्टा मुळात रसायनांचा आणि यंत्रसामग्रीच्या कारखान्यांचा. आता सकाळी घणसोली आणि कोपरखैरणे स्टेशनांबाहेर शेअर रिक्षांच्या रांगेत गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलंच जास्त दिसतात. डोंबिवली-कल्याणची मुलं शीळफाट्यावरून बसनं येतात. माझ्या वर्गात जळगावची असतात, सांगलीची, लातूरची, चिपळूणची. बरीचशी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. क्लास म्हणजे काय, ऑब्जेक्ट म्हणजे काय, इनहेरिटन्स म्हणजे काय, हे इंटरव्ह्यूसाठी त्यांनी घोटून घोटून पाठ केलेलं असतं. लॅम्डा एक्स्प्रेशन आलं की मात्र चेहरे बदलतात. कंसात दोन अक्षरं, पुढे एक बाण, बाणापुढे काहीतरी हिशेब. हे व्याकरण त्यांनी पाठ केलेल्या कुठल्याच व्याख्येत बसत नाही. म्हणून व्याख्या बाजूला ठेवून मी फळ्यावर ती पाच आडनावं लिहिते.

यादी लावण्याच्या कामात दोन गोष्टी असतात. एक, हलवाहलव करणारी यंत्रणा. दुसरी, कोण आधी आणि कोण नंतर हे ठरवणारा नियम. यंत्रणा सगळ्या जगाला एकच चालते. जावाची यंत्रणा टिमसॉर्ट नावाच्या पद्धतीवर बेतलेली आहे. टिम पीटर्स यांनी ती २००२ मध्ये पायथन भाषेसाठी लिहिली आणि २०११ च्या सातव्या आवृत्तीपासून जावानं घेतली. उत्तम, कसलेली पद्धत आहे, तिला हात लावण्याचं आपल्याला काही कारण नाही. नियम मात्र ज्याचा त्याचा. शाळेला हजेरीपट आडनावानं हवा असतो, निकाल गुणांनी हवा असतो, पतसंस्थेला थकबाकीदारांची यादी रकमेनं हवी असते. मराठी माणसाला ळ जागेवर हवा असतो, आणि तो मागायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

गिरणीत दळण टाकताना आपण डब्यावर चिठ्ठी लावतो, ‘भाकरीचं, जाड’ किंवा ‘पुरणपोळीचं, अगदी बारीक’. गिरणी तीच राहते, चिठ्ठी बदलते. यादी लावणाऱ्या यंत्रणेलाही अशीच एक चिठ्ठी लागते, आणि त्या चिठ्ठीवर काय लिहिलेलं असावं हे आधीच ठरलेलं असतं. यंत्रणा दोन नावं पुढं करणार. उत्तर एका संख्येत द्यायचं. पहिलं आधी असेल तर उणे संख्या, दुसरं आधी असेल तर अधिक, दोन्ही सारखी असतील तर शून्य. या कराराला जावात ‘कम्पॅरेटर’ म्हणतात. तो एक इंटरफेस आहे. इंटरफेस म्हणजे कामाचं नाव आणि स्वरूप ठरवणारा, पण काम कसं करायचं हे रिकामं सोडणारा करार. ज्या इंटरफेसमध्ये अशी रिकामी जागा नेमकी एकच असते, त्याला फंक्शनल इंटरफेस म्हणतात.

चौकस मुलं इथं अडवतात. “मॅम, कम्पॅरेटर उघडून पाहिला, त्यात इक्वल्सही लिहिलेलं आहे. मग एकच कसं?” प्रश्न बरोबर असतो. इक्वल्स ही मेथड जावातल्या प्रत्येक ऑब्जेक्टला जन्मतःच मिळालेली असते, म्हणून ती रिकाम्या जागांत मोजत नाहीत. आठव्या आवृत्तीपासून इंटरफेसमध्ये भरलेल्या मेथडही ठेवता येतात. त्यांना डिफॉल्ट मेथड म्हणतात, आणि त्याही मोजणीत धरत नाहीत. न भरलेल्या जागेचीच मोजणी. इंटरफेसच्या डोक्यावर ‘फंक्शनल इंटरफेस’ अशी खूण करून ठेवली, तर उद्या कुणी दुसरी रिकामी जागा घुसडल्यास कंपायलर तिथंच थांबवतो. खूण सक्तीची नाही, पण आमच्या टीममध्ये मी ती करायला लावते.

आता चिठ्ठी कशी लिहायची? जावा १९९५ मध्ये जगापुढं आली तेव्हापासून तिचा आग्रह असा की कुठलंही काम कुठल्या तरी क्लासच्या घरातच राहील. सुटं काम तिथं फिरत नाही. म्हणजे दोन नावांची तुलना करणारी एक ओळ पाठवायची, तर तिच्यासाठी क्लास उभा करा, त्याचा ऑब्जेक्ट बनवा, मग तो ऑब्जेक्ट पाठवा. १९९७ मध्ये निनावी क्लासची सोय झाली, त्यानं वेगळी फाइल उघडण्याचे कष्ट वाचले. तरीही अर्थाची एक ओळ आणि तिच्याभोवती वेष्टनाच्या चार-पाच ओळी, हे प्रमाण कायम राहिलं. मी तसा कोड पुष्कळ वाचला आहे. नियम शोधायला ओळींच्या गर्दीतून बोट फिरवत जावं लागायचं, आणि वाचणाऱ्याचं लक्ष वेष्टनातच संपायचं.

फंक्शन सुटं पाठवण्याची कल्पना जावाहून कितीतरी जुनी. अलोन्झो चर्च या अमेरिकी तर्कशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात लॅम्डा कॅल्क्युलस मांडलं, जॉन मॅकार्थींच्या लिस्प भाषेत ते १९५८ पासून उतरू लागलं. सी-शार्पमध्ये लॅम्डा २००७ मध्ये आलं. जावानं वाट पाहायला लावली. २००६ पासून एकामागून एक प्रस्ताव आले, त्यांवर कडाक्याचे वाद झाले, मध्येच सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी ओरॅकलकडे गेली. अखेर १८ मार्च २०१४ रोजी जावाची आठवी आवृत्ती आली, तिच्यात लॅम्डा होतं. या कामाचं नेतृत्व ब्रायन गोएत्झ यांच्याकडे होतं. त्यांच्या गटाच्या एका निर्णयाबद्दल मला मनापासून आदर आहे. फंक्शन नावाचा एक नवाच प्रकार भाषेत आणण्याचा मार्ग त्यांच्यापुढं होता. तो न घेता त्यांनी ठरवलं की लॅम्डा हे एकाच रिकाम्या जागेच्या इंटरफेसमध्ये बसेल. असे इंटरफेस भाषेत आधीपासून होतेच. कम्पॅरेटर होता, वेगळ्या थ्रेडवर काम चालवणारा रनेबल होता, बटण दाबल्यावर काय करायचं ते सांगणारा ॲक्शन लिसनर होता. त्यामुळे पंधरा-पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेल्या लायब्ररीत एक अक्षर न बदलता लॅम्डा पाठवता येऊ लागलं. महाप्यासारख्या ठिकाणी, जिथं बँकांचा आणि विमा कंपन्यांचा जुना कोड सांभाळण्यात माणसांची उमर जाते, तिथं या निर्णयाचं मोल फार.

पतसंस्थेच्या सदस्यांची यादी ठेवीच्या रकमेनं लावायची आहे असं समजा. नियम असा लिहिला:

(अ, ब) -> अ.ठेव - ब.ठेव

हे मी वाचकांच्या सोयीसाठी मराठीत भाषांतर करून दिलेलं नाही. हा खरा जावा कोड आहे. जावात व्हेरिएबलची, क्लासची, मेथडची नावं युनिकोडमधल्या कुठल्याही लिपीत ठेवता येतात, काना-मात्रांसकट. जुन्या निनावी क्लासमध्ये न्यू, पब्लिक, इंट, रिटर्न हे भाषेचे राखीव इंग्रजी शब्द टाळताच यायचे नाहीत. एका ओळीच्या लॅम्डात त्यांतला एकही लागत नाही. कंस, बाण आणि आपले शब्द, एवढंच. फळ्यावर ही ओळ लिहिली की लातूरची मुलगी आणि चिपळूणचा मुलगा ती एकदाच वाचतात आणि पुढचा प्रश्न विचारतात. (विंडोजवर फाइलच्या एन्कोडिंगची कटकट पूर्वी व्हायची. २०२२ च्या अठराव्या आवृत्तीपासून जावा मुळातच यूटीएफ-८ धरून चालते.) ग्राहकाला देण्याच्या कोडमध्ये आम्ही इंग्रजी नावंच वापरतो, कारण तो कोड चेन्नईतही वाचला जातो आणि लंडनमध्येही. शिकवताना मात्र मी हट्टानं देवनागरीच वापरते.

पुढचा प्रश्न हमखास असा: “अ आणि ब हे सदस्य आहेत, हे कंपायलरला कुठून कळलं?” जिथं पाठवलं त्या जागेवरून. यादी सदस्यांची, तिची सॉर्ट मेथड सदस्यांचा कम्पॅरेटर मागते, म्हणून अ आणि ब सदस्यच असणार. लॅम्डाला स्वतःची जात नसते, ती जागा देते. याची गंमत पाहायची असेल तर हे घ्या:

(अ, ब) -> अ - ब

पूर्णांकांच्या कम्पॅरेटरच्या जागी ठेवलं तर हा लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम लावण्याचा नियम आहे. दोन संख्यांवरून तिसरी काढणाऱ्या बायनरी ऑपरेटरच्या जागी ठेवलं तर ही साधी वजाबाकी. अक्षरं तीच, अर्थ इंटरफेसनं दिला. फंक्शनल इंटरफेस आधी समजून घ्या, मग लॅम्डा, असं मी का म्हणते ते इथं कळतं. बाण लक्षात राहिला आणि जागा विसरली, की पुढं सगळं धूसर होत जातं. जावानं नेहमीच्या गरजांसाठी अशा ४३ जागा एका पॅकेजमध्ये तयार ठेवल्या आहेत, पण चार ओळखल्या तरी पुष्कळ काम होतं. प्रेडिकेट हो किंवा नाही सांगतो. फंक्शन एक वस्तू घेऊन दुसरी देतो. कन्झ्युमर वस्तू घेतो आणि काही परत देत नाही. सप्लायर काही न घेता वस्तू देतो. बाकीच्या बहुतेक त्यांचीच भावंडं.

ठेवीच्या त्या वजाबाकीत एक खड्डा आहे. जावाच्या इंट प्रकारात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. रक्कम पैशांत साठवली असेल, एका खात्यात दीड कोटी रुपये जमा असतील आणि दुसरं एक कोटीनं उणे असेल, तर फरक २५० कोटी पैशांचा. तो इंटमध्ये मावत नाही, उलटून ऋण होतो. दीड कोटीवाला खातेदार कर्जदाराच्याही आधी जाऊन बसतो, आणि कुठलीही तक्रार पडद्यावर येत नाही. कधी कधी येते. नियम स्वतःशीच विसंगत वागला, म्हणजे अ हा ब च्या आधी, ब हा क च्या आधी, पण क पुन्हा अ च्या आधी, असं काही टिमसॉर्टच्या लक्षात आलं तर ‘कम्पॅरिजन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट’ असा संदेश देऊन ती काम सोडते. पण हे तिच्या लक्षात येईलच याची हमी नाही. म्हणून पैशांसाठी लाँग वापरायचा, आणि तुलना वजाबाकीनं न करता ‘लाँग.कम्पेअर’नं करायची. लॅम्डा छोटं असतं म्हणून ते निरुपद्रवी असतं असं मुळीच नाही.

दुसरी अडचण मुलांना हटकून येते. ठरावीक रकमेहून जास्त ठेव असलेले सदस्य निवडायचे आहेत:

स -> स.ठेव > मर्यादा

‘मर्यादा’ हे बाहेरच्या मेथडमधलं व्हेरिएबल. त्याची किंमत एकदाच ठरवली असेल तर हे चालतं. नंतर कुठं ती बदलली की कंपायलर नकार देतो. मुलांना ही उगीचची अडवणूक वाटते. कारण समजून घेतलं की ती तशी वाटत नाही. मेथड संपली की तिची व्हेरिएबल्स नाहीशी होतात. लॅम्डा मात्र त्यानंतरही जगू शकतं, कुठंतरी साठवून ठेवलेलं, उद्या दुसऱ्याच थ्रेडवर चालणारं. म्हणून ते जन्मताना किमतीची प्रत स्वतःजवळ घेतं. बाहेरची किंमत बदलू दिली असती, तर ‘मर्यादा’ या एकाच नावाच्या दोन वेगळ्या किमती एकाच वेळी नांदल्या असत्या. यातून पळवाट म्हणून एका घराचा ॲरे बनवून त्यात किंमत बदलण्याची युक्ती इंटरनेटवर सर्रास सापडते. कंपायलर ती चालवून घेतो. मी चालवून घेत नाही. समांतर चालणाऱ्या स्ट्रीममध्ये अशी युक्ती आकडे गिळते, आणि तेही रोज नाही, अधूनमधून. बँकेच्या कोडमध्ये अधूनमधून चुकणारी बेरीज शोधण्यात माणसाच्या रात्री जातात.

आणि ळ? त्याचा नियम लॅम्डात लिहावा का? मी आधी मुलांनाच लिहायला सांगते. कुणी सगळी वर्णमाला एका स्ट्रिंगमध्ये ठेवतं आणि अक्षराची जागा शोधून तुलना करतं. पहिल्या अक्षरापुरतं ते चालतं. मग पुढच्या अक्षरांसाठी लूप येतो, मात्रा येतात, अनुस्वार येतो, क्ष आणि ज्ञ ही अनेक क्रमांकांची अक्षरं एकेक धरावी लागतात. चार शब्दांचं लॅम्डा बघता बघता चाळीस ओळींचं होतं. इथं मी थांबवते. ज्या नियमाला स्वतःची माहिती सांभाळावी लागते, त्याला क्लासच हवा. जावात तो तयार आहे. ‘रूल-बेस्ड कोलेटर’ नावाच्या क्लासला आपला वर्णक्रम लिहून द्यायचा, ह नंतर ळ, त्यानंतर क्ष, मग ज्ञ. क्ष हे अनेक क्रमांकांचं एकच अक्षर धरायचं, हेही त्याला सांगता येतं. कोलेटर हा स्वतः कम्पॅरेटरचा करार पाळतो, त्यामुळे जिथं आपण लॅम्डा ठेवलं होतं त्याच जागी हा ऑब्जेक्ट जसाच्या तसा बसतो. सॉर्ट मेथडला पत्ताही लागत नाही की आत एका ओळीचं लॅम्डा आलं की सबंध वर्णमाला बाळगणारा ऑब्जेक्ट. ऑब्जेक्टचं जग आणि फंक्शनचं जग जावात कुठं भेटतं, असं कुणी विचारलं तर मी याच जागेकडे बोट दाखवते. लॅम्डा आल्यानं क्लास मोडीत निघाले असं सांगणारी भाषणं मी ऐकली आहेत, ती मला मुळीच पटत नाहीत.

आमच्या टीमचा कोड तपासताना माझी अट साधी आहे. लॅम्डा एका नजरेत वाचून झालं पाहिजे. तीन ओळींच्या पुढं गेलं की त्याला नाव असलेल्या मेथडमध्ये हलवायचं आणि दोन अपूर्णविरामांनी तिचा निर्देश करायचा, ‘सदस्य::आडनाव’ असा. बाण नाही, कंस नाही, नाव तेवढं उरतं. कम्पॅरेटरमधल्या डिफॉल्ट मेथड इथं उपयोगी पडतात. आधी आडनाव, मराठी कोलेटरनं. आडनाव सारखं असेल तर नाव. तेही सारखं असेल तर सदस्य क्रमांक. प्रत्येक पायरी ‘देन कम्पेअरिंग’नं पुढची पायरी धरते, आणि नियम मराठी वाक्यासारखा डावीकडून उजवीकडे वाचता येतो. वेगळा ठेवलेला असा नियम यादीशिवाय, डेटाबेसशिवाय, नुसत्या दोन-दोन आडनावांवर तपासता येतो. काशीकर आणि काळे, हळदणकर आणि क्षीरसागर, खरे आणि क्षीरसागर. या जोड्या आम्ही टेस्टमध्येच लिहून ठेवल्या आहेत, आणि कुणीही कोड बदलला की त्या आपोआप चालतात.